बाबल, कौल कोणी लावला?

बाबल, तू मला फसवलंस. अकरा वर्षं मी तुझ्या हरणाऱ्या टीममध्ये राहिलो तो देवाच्या शब्दावर, आणि देवानं तो शब्द दिलाच नव्हता. तो तुझा होता. मला हे कळलं तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तुझी कॉलर धरायची सोय उरली नव्हती तेव्हा.

इथे कुवेतला गावकऱ्यांनी तुझी शोकसभा घेतली. सबाह अल-सालेमला एकाच्या हॉलमध्ये चटया घातल्या आणि तुझा पासपोर्टातला फोटो मोठा करून आणला. त्या फोटोत तू नुकताच रनआऊट झाल्यासारखा दिसतोस. एकेकजण उठून दोन शब्द बोलला. बाबल कसा सगळ्यांच्या अडीनडीला उभा राहायचा, बाबलनं टीम कशी टिकवली. मग सगळे माझ्याकडे वळले. शिरीभाऊ, तुम्ही सगळ्यांत जवळचे, तुम्ही बोला. मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो आणि सभा संपेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. बोललो असतो तर भांडण झालं असतं, आणि भांडायला समोर फक्त फोटो. म्हणून हे लिहून काढतोय. लिहायची सवय मला कोटेशनची. तेव्हा वाक्यं जिथे तुटतील तिथे तुटू देत.

मी कसा माणूस आहे हे तुला माहीत होतं. खिडकीच्या चौकटीचा ॲल्युमिनियमचा सेक्शन मी टिचकी मारून, नखानं खरवडून, वजनाला लावून मगच घेतो. बंगल्याच्या खिडक्यांचं काम ठरवताना कुवेती मालकीणबाई माझ्याशी तासभर घासाघीस करतात आणि दमल्या की स्वतःच चहा मागवतात. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो कुवेती मालक, बदलला तेव्हा अरबी कागद मी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला, कारण एकच माणूस आपल्या सोयीचं वाचू शकतो. असा मी. आणि तू फोनवरून आणलेला कौल मी न तपासता घेतला. त्यावर देवाचं नाव होतं. देवाच्या नावाचा माल आमच्याकडे कोणी टिचकी मारून बघत नाही.

तुझ्यावर मी विश्वास का ठेवला हेही सांगतो, नाहीतर मीच मूर्ख ठरेन. मी कुवेतला आलो त्याच वर्षी माझे वडील गेले. पासपोर्ट कफीलकडे, कफील देशाबाहेर. जाता येणार नव्हतं. मी रिग्गईच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दोन दिवस पडलो होतो. तू शटरिंगच्या कामावरून आलास, अंगावर अजून लाकडाचा भुसा, आणि म्हणालास, चल, केस काढूया. मी एकट्यानं काढायचे होते. तू माझ्या भावकीतला नव्हेस, तुला काही लागू नव्हतं, तरी तूही डोकं भादरून घेतलंस. दहाव्या दिवशी भात शिजवलास, केळीच्या पानाच्या जागी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा तुकडा घेतलास आणि आपण गच्चीवर गेलो. कावळा कुठला यायला. टाक्यांच्या मध्ये उन्हात उभे राहिलो. शेवटी एक पारवा आला, भाताभोवती फिरला आणि त्यानं चोच मारली. मी तुझ्याकडे बघितलं. तू शांतपणे म्हणालास, "शिवलो. हयसर कावळ्याचा काम पारवोच करता. देवाक म्हायत असा."

मी त्या दिवशी पोटभर जेवलो. तुझ्या त्या एका वाक्यानं. तेव्हा मला कळायला हवं होतं की देवाच्या वतीनं बोलायला तुला कोणाची परवानगी लागत नाही. कळलं नाही. मला वाटलं, ह्या माणसाला देवाचं कळतं.

टीमचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. आपल्या चिंचखोल गावची तेरा माणसं तेव्हा रिग्गईत होतो, दोन खोल्यांत. आखाती युद्धानंतर सगळा देश पुन्हा बांधून काढायचा होता, त्यामुळे काम भरपूर आणि सुट्टी एक शुक्रवार. तेरातले दोघे कायम पाळीत अडकलेले. राहिले अकरा. त्या अकरांची टीम, नाव चिंचखोल इलेव्हन, आणि नियम तुझा, की टीममध्ये एकतर चिंचखोलचा माणूस नाहीतर चिंचखोलचा जावई. कणकवलीचा एक मुलगा आला होता, आठवतोय? खांद्यातून असा काही मारायचा की टेनिस बॉल पलीकडच्या बसस्टॉपवर पडायचा. मी म्हटलं, घेऊया. तू त्याला विचारलंस, बायको खंयची? तो म्हणाला, लग्न व्हायचंय. "मगे आमच्या गावातली एक कर, आणि ये." तो हसत गेला आणि पुढच्याच महिन्यात मंगळूरवाल्यांकडून खेळून त्यानं आपल्याला फोडून काढलं.

आपण हरायचो. हैदराबादी हरवायचे, श्रीलंकेचे हरवायचे, एकदा तर एका हॉटेलच्या वेटरांनी हरवलं, ज्यांतल्या चौघांनी त्या दिवशी पहिल्यांदा बॅट धरली होती. आपा कुक पन्नाशी उलटलेला, कॅच आला की आधी चष्मा सावरायचा. मी एका बाजूनं विकेट काढायचो आणि दुसऱ्या बाजूनं सगळं वाहून जायचं. सिमेंटच्या पट्टीबाहेर सगळी वाळू, बॉल अडवायला वाकलं की तोंडात वाळू. मी संतापून बॅट फेकायचो, अंपायरच्या अंगावर जायचो, आपाला नाही नाही ते बोलायचो. तू माझी बॅट उचलून आणायचास आणि आपाला पाणी द्यायचास.

आणि मॅचआधीचं तुझं गाऱ्हाणं. बाहेर नारळ फोडायची सोय नाही, म्हणून शुक्रवारी पहाटे खोलीतल्या मोरीजवळ आपण सगळे बनियनवर उभे, तू हात जोडून. बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरा मैदानात उतारतत, तेंच्या हाडाक दुखापत होव देव नको, कामार खाडो पडान देव नको. सगळे म्हणायचो, व्हय म्हाराजा. एकदा मी चिडून म्हटलं, अरे, जिंकूचा तरी माग.

तू डोळे न उघडता म्हणालास, "देवाक जमण्यासारख्याच सांगूचा."

हे आठवून मला आत्ताही हसू आलं. हेच माझं दुखणं आहे. तुझ्यावर धड रागावताही येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. अकरा वर्षांपूर्वीचा दसरा झाला होता, क्रिकेटचा हंगाम सुरू झाला होता. आपण पेट्रोकेमिकलवाल्यांकडून हरलो, पण त्यांच्या सहा विकेट मी काढल्या. मॅच संपल्यावर त्यांचे वैद्य साहेब, नाशिकचे इंजिनिअर, मला गाडीपाशी घेऊन गेले. थर्मासमधला चहा दिला आणि सरळ विचारलं, तुम्ही ह्या टीममध्ये काय करताय? त्यांच्या कंपनीत फॅब्रिकेशन सुपरवायझरची जागा होती. कंपनीचा व्हिसा, आणि त्या पगारावर बायको-मुलीला आणता येत होतं. बदल्यात शुक्रवारी त्यांच्याकडून बॉलिंग. मी कधी पहिल्या बोलीला हो म्हणत नाही. तिथेही म्हटलं नाही. मी म्हटलं, साहेब, आधी फॅमिली व्हिसा, मग बॉल. ते हसले, पण कबूल झाले. माझ्या कफीलकडून रिलीज, म्हणजे सोडल्याचा कागद, घ्यायची तोड मी दोन दिवसांत काढली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला सौदा होता, आणि तो मी कोणाच्याही ओळखीशिवाय माझ्या हातानं जमवला होता.

वैशाली तेव्हा सात वर्षांची. ती मला कशी ओळखायची ते तुला एकदा सांगितलं होतं. दर दोन वर्षांनी महिनाभर घरी गेलो की ती समोर बसून बोलायची नाही. दाराआडून बघायची. मग मी वाण्याच्या दुकानात जाऊन आमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावायचो, तशी ती धावत जायची आणि भडाभडा सगळं सांगायची, शाळा, मांजर, कोणी चिमटा काढला. तिचा बाप फोनमध्ये होता. घरात आलेला माणूस कोणी दुसरा. हे सांगताना मी हसत होतो, आणि तू हसला नव्हतास. म्हणजे मला काय हवंय हे तुला नक्की ठाऊक होतं.

मी तुला सांगितलं तेव्हा तू कपडे वाळत घालत होतास. मला वाटलं, भांडशील, मी तयारीनं आलो होतो. तू शर्टाची बाही झटकत म्हणालास, गावाच्या नावानं खेळलेला माणूस. असा नाही जायचा. देवाला विचारूया, त्यानं सोडलं तर मीच तुझी बॅग उचलतो. मला ते पटलं. आमच्याकडे विहीर खोदताना, मुलगी देताना, भावाभावांत वाटणी करताना कौल घेतात. गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मग त्यावर वाद नसतो. मी म्हटलं, विचार. मला खात्री होती. देव काय, बापाला मुलीपासून लांब ठेवील?

पुढच्या शुक्रवारी तू फोन करून येतो म्हणून बाहेर गेलास. देवळाजवळ फोन एकच, वाण्याकडे, गुरवाला तिथे बोलवून घ्यायचं होतं. बऱ्याच वेळानं परत आलास. खोलीत सगळे होते, आपा मासे साफ करत होता. तू दारातच चपला काढल्यास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "शिरी, देवान डावो दिल्यान."

आपानं सुरी खाली ठेवून हात जोडले.

तीन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी वैद्य साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्यांना कारण सांगायची मला लाज वाटली, पण सांगितलं. ते म्हणाले, "श्रीधर, तुम्ही एवढे व्यवहारी. बघा, पुन्हा विचार करा, आठ दिवस मी थांबतो." ते बारा दिवस थांबले. बायकोला पत्र लिहिलं. तिचं उत्तर आलं, देवान नाय म्हटल्यान तर नाय, जिवाक लावून घेव नका. खाली वैशालीनं गिरवलेलं तिचं नाव.

पुढे मी माझं माझं वर आलो. त्यात तुझा हात नव्हता आणि तुझ्या देवाचाही नव्हता. शुवेखला वर्कशॉप उभं केलं, कुवेती भागीदार स्वतः शोधला, बारा माणसं हाताखाली आली. पण फॅमिली व्हिसाचं काही ना काही अडत राहिलं. कागदावर मी बरीच वर्षं कामगारच होतो. जमलं तेव्हा वैशाली दहावीला बसली होती आणि तिनं आईला सांगितलं, आता मला नाही जायचं. तिचं बरोबर होतं. सगळा सौदा हातात होता आणि घेणारं माणूस मोठं होऊन गेलं होतं.

आणि टीम हरतच राहिली. आपा गेला, त्याच्या जागी त्याचा जावई आला, तोही चष्मेवाला. दर हंगामाला मी म्हणायचो, हे शेवटचं वर्ष. दर हंगामाला तू म्हणायचास, देवाचा शब्द असा रे. एवढंच. वाद संपायचा. अकरा वर्षांत तू हे वाक्य किती सहज बोललास, बाबल. एकदाही तुझी जीभ अडखळली नाही?

जाब्रियाच्या हॉस्पिटलात तू तीन दिवस होतास. छातीत कळ आली तेव्हा तू स्लॅबवर होतास, स्वतः उतरून आलास. मी रोज येत होतो. तू शुद्धीवर होतास, बोलत होतास. नर्स केरळची, तिला तू हिंदीत टीमचा स्कोअर समजावून सांगत होतास. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण भांडलो, आपाच्या जावयाला सातव्या नंबरावर पाठवायचं की आठव्या. मी म्हटलं, त्याला अकराव्यावर पाठव नाहीतर घरी. तू म्हणालास, त्याला धीर द्यायला पाहिजे. मी चिडून उठलो आणि जाता जाता म्हटलं, तुझी टीम, तू बघ. हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. अर्धा तास आपण एका चष्मेवाल्या जावयावर घालवला. तेवढ्यात कौलाचं सांगून झालं असतं. मी ओरडलो असतो, नर्सनं मला बाहेर काढलं असतं, दुसऱ्या दिवशी मी परत आलो असतो. पण सकाळी फोन आला.

तुला घेऊन गावी मीच गेलो. विमानात मी वर, तू खाली. गोव्याहून गावापर्यंत गाडीत तुझ्या शेजारी बसून मी तुला सांगत होतो की आता देवाला विचारून मला मोकळं कर. हसू नकोस, मला खरंच वाटत होतं की विचारायला पाहिजे. शब्द दिला गेला होता तो तुझ्या टीमसाठी, तू गेलास, आता देवानं सोडायला हरकत नसावी. म्हणून तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी देवळात गेलो. वैशाली बरोबर आली, हातात नारळ आणि कळ्यांची पुडी. अठरा वर्षांची झाली आता, कॉलेजला जाते. तुझा तेरावा घालायला ती गावातल्या सगळ्या बायकांबरोबर राबत होती.

गुरव तातू आता पुरता म्हातारा, पण डोकं साफ. मी त्याला सांगितलं, अकरा वर्षांपूर्वी बाबलनं कुवेतहून फोनवर माझ्यासाठी कौल मागितला होता, डावा आला होता, आता पुन्हा विचार, मला सोडतोय का. तातूनं माझ्याकडे बघितलं. कोणत्या साली, म्हणाला. मी साल सांगितलं. त्यानं पुडी माझ्या हातात परत दिली.

"माका कोणाचो फोन येवक नाय. आणि त्या साली कौल लावतलो कसो? दसऱ्यापास्ना शिमग्यापर्यंत देवळाक कुलूप होता."

मानकऱ्यांचं भांडण. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून दोन घराणी हटून बसली होती आणि कोणीच देवळात पाऊल टाकायचं नाही असं ठरलं होतं. पाच महिने देवाला दिवा बाहेरून. आम्हाला कुवेतला कोणी कळवलं नाही, कारण परदेशात असलेल्या माणसाला गावची भांडणं कळवायची नाहीत, तिथे एकटा बसून काळजी करील, अशी आमच्याकडे रीत. माझ्या बायकोनंही कळवलं नाही; तिला वाटलं असणार, दिव्यासारखा कौलही तातूनं बाहेरूनच लावला. तुलाही कळवलं नसणार. तुला माहीत असतं तर तू दुसरं काहीतरी सांगितलं असतंस. तू फोनच केला नाहीस. त्या शुक्रवारी तू बाहेर गेलास आणि एवढा वेळ कुठे बसलास, बाबल? कुठल्या तरी दुकानाच्या पायरीवर? तिथे बसून काय ठरवलंस?

मी देवळातच ओरडलो. तातूला वाटलं मी त्याच्यावर ओरडतोय. वैशालीनं माझा दंड धरला.

खाली उतरताना तिनं नारळ दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः एकदा फोन का नाही केलात?"

ती आईशी मालवणीत बोलते, मैत्रिणींशी मालवणीत बोलते. माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत बोलते, तलाठ्याशी किंवा मास्तरांशी बोलतात तशी. मी सांगितलं, तेव्हा फोन फार महाग होता, वाण्याचा फोन सतत बंद असायचा. तिनं मान हलवली. खोटं मी चांगलं बोलतो, धंद्यात लागतं. तिला ते ओळखता येतं हे मला तेव्हा कळलं.

तिथून मी तुझ्या घरी गेलो. ठरवलं होतं, वहिनीला सांगायचं. तुझा नवरा असा होता, हे तिला कळायला पाहिजे. तिनं चहा ठेवला, तुझी मैदानावरची टोपी खुंटीला लावली होती ती खाली काढून पुसली आणि परत लावली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "भावजी, एक सांगतंय, राग मानू नका. हे म्हणत, शिरी असा म्हणान टीम असा, टीम मोडली की मी घराक येतंय. मी देवाक सांगी, भावजींका खंय तरी चांगली नोकरी गावू दे, म्हणजे हे येतीत."

चहाचा कप माझ्या हातात होता. तिला मी काय सांगणार होतो? की तिचं मागणं देवानं ऐकलं होतं, नोकरी मिळाली होती, आणि तिच्याच नवऱ्यानं मध्ये हात घातला? मी चहा प्यायलो. साखर जास्त होती. निघताना तिच्या पाया पडलो, ती माझ्याहून लहान असून. ती गोंधळली. मीही.

तू ते का केलंस हे मी तेव्हापासून शोधतोय. टीम मोडेल म्हणून? मग मोडू द्यायची होती. अकरा हरणारी माणसं, त्यांतला एक गेला तर कोणाचं काय बिघडलं असतं. तूही घरी गेला असतास, वहिनीनं तुला चार वर्षं जास्त जगवलं असतं, रोज वेळेवर जेवायला घातलं असतं. का मी गेल्यावर त्या खोलीत शुक्रवारी उठायला तुला काही उरलं नसतं? हे खरं असेल तर मला सरळ सांगायचं होतंस. शिरी, जाव नको, माका करमाचा नाय. मी शिव्या दिल्या असत्या. पण मग तो सौदा माझा आणि तुझा राहिला असता. त्यात देवाला, माझ्या बायकोला, सात वर्षांच्या मुलीला तू कशाला गोवलंस?

कधी कधी वाटतं, तू सरळ सांगितलं असतंस तरी मी थांबलो असतो. हे मी लिहायला नको होतं. पण लिहिलं गेलं, राहू दे.

मी परत आलो त्या आठवड्यात आपाचा जावई वर्कशॉपला आला. दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, शुक्रवारी मॅच आहे, बाबलकाकांच्या नावानं खेळूया म्हणतायत, पण दहाच जण आहेत. मी त्याला हाकलून दिलं. सांगितलं, चिंचखोलचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही, ज्या टीमचा कॅप्टन देवाच्या नावानं खोटं बोलतो त्या टीमला आग लावा. तो चष्मा सावरत गेला. सगळा आठवडा मी ठाम होतो. मला सोडायला आता कोणाची परवानगी नको होती, देवाची नाही, तुझी नाही. कधी नव्हे तो मी पूर्ण मोकळा होतो.

आणि शुक्रवारी पहाटे मी मैदानावर उभा होतो. कसा गेलो मला सांगता येत नाही. गाडी मीच चालवली, बूट मीच घातले, कोणी बोलावलं नव्हतं. ते दहा जण माझ्याकडे बघत होते. गाऱ्हाणं घालायला कोणी पुढे होईना, शेवटी मला म्हणाले, मी नाही म्हटलं, मग तसेच उतरलो. हरलो. आपाच्या जावयानं सातव्या नंबरावर येऊन बावीस केले, हे तुला कळावं म्हणून लिहितो.

संध्याकाळी वैशालीला फोन केला. फोनवर ती अजून मोकळी बोलते. तिनं विचारलं, शुक्रवारचं काय केलंत? मी म्हटलं, खेळलो. मग तिनं विचारलं, "आता कोणी सांगितलं?"

मी फोन धरून उभा राहिलो. तिनं वाट बघितली, बराच वेळ वाट बघितली, आणि मग म्हणाली, बरं, जेवा वेळेवर, ठेवते.

बाबल, मी अकरा वर्षं तिला सांगितलं की देव नाही म्हणाला. ती शाळेत असताना तिनं ते मानलं, आईनं शिकवलं म्हणून मानलं, दर वर्षी त्याच देवाच्या पाया पडली. आता ती मला विचारते आहे आणि माझ्याकडे नाव घ्यायला कोणी नाही. ती पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारील. मी तिला ओळखतो, सोडणार नाही ती, माझीच मुलगी आहे. खोटं तू बोललास, तेव्हा जाबही तूच दे. मला नको, मला तू काय सांगशील ते मी आजही ऐकून घेईन, तेच तर माझं चुकलं. तिला दे. कसा देतोस ते तू बघ, पारव्याकडून पाठव नाहीतर कळी पाडून पाठव, पण तिला सांग, तिचा बाप तिच्याकडे का आला नाही.